ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?



"आमच्या म्हाताऱ्यांना मोबाईलमधलं काही कळत नाही" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. मंदिरातून बाहेर पडून चपला घालता घालता, हळदीकुंकवात, लग्नाच्या मांडवात. दवाखान्याचा विषय निघाला की हमखास. कुणाच्या सासऱ्यांनी ऑनलाईन डॉक्टरला दाखवायला नकार दिलेला असतो, कुणाच्या सासूबाई आभा कार्डाच्या शिबिरातून उठून घरी आलेल्या असतात, कुणाच्या मुलाने पाठवलेलं मनगटावरचं घड्याळ खोक्यातच पडून असतं. आणि सगळ्याचं निदान एकच, "कळत नाही."

मला हे निदान पटत नाही. माझं म्हणणं असं की त्यांना पुष्कळ कळतं. आपण ज्याला भीती म्हणतो, अडाणीपणा म्हणतो, तो बऱ्याचदा साधा हिशेब असतो. हे यंत्र माझ्याकडून काय घेणार, ते कुणाच्या हातात देणार आणि मला बदल्यात काय मिळणार, एवढाच. आयुष्यभर उसाच्या बिलाचा आणि दुधाच्या कार्डाचा हिशेब ठेवलेली ही माणसं आहेत. त्यांना हिशेब येत नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आधी एक सांगते. मी या नव्या सोयींच्या विरोधात मुळीच नाही. मी शिरोळ तालुक्यात राहते, गाव नदीकाठचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा घरात शिरल्या तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या दवाखान्याच्या फायली गेल्या. गादीखाली, ट्रंकेत, देवघराच्या फळीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्यात दहा-दहा वर्षांचे ईसीजी, चष्म्याचे नंबर, ऑपरेशनचे कागद. निवारा केंद्रात डॉक्टर विचारत होते, "आजी, गोळी कुठली चालू आहे?" आणि आजी सांगत होत्या, "पांढरी, बारकी." जुलै २०२१ ला पुन्हा तेच. त्या वेळी कागद फोनमध्ये असते तर किती बरं झालं असतं, हे ज्यांनी पूर बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

सरकारनेही गेल्या काही वर्षांत बरंच आणलंय. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची ई-संजीवनी एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून देशभर आभाचा चौदा आकडी नंबर निघू लागला, ज्यावर सगळे रिपोर्ट एकत्र राहावेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड मिळतंय. या सगळ्या कामाच्या गोष्टी आहेत. म्हणूनच घरातली मोठी माणसं त्यांच्यापासून लांब का राहतात, हे जरा थांबून ऐकून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट ओटीपीची. गेली कित्येक वर्षं आपण त्यांच्या कानीकपाळी ओरडतोय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही. फोन लावला की पलीकडून रिंगच्या जागी सावध राहा म्हणून सांगणारा आवाज यायचा. पैसे गेलेच तर १९३० वर फोन करा, हेही त्यांना पाठ झालंय. आणि मग एक दिवस शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसलेला, कधी न पाहिलेला मुलगा म्हणतो, "आजी, आधार द्या, अंगठा द्या, आणि मोबाईलवर आलेला नंबर सांगा." आजी उठून घरी येतात. आता यात आजींचं काय चुकलं? आपण शिकवलेलं त्यांनी नीट लक्षात ठेवलं, एवढंच. त्या मुलाच्या शेजारी गावातली आशाताई बसली असती आणि तिने "मावशी, हा आपल्या दवाखान्यातला आहे" एवढं म्हटलं असतं, तर काम दोन मिनिटांत झालं असतं. बोटांच्या ठशांचं तर बोलायलाच नको. चाळीस वर्षं भांगलण केलेल्या हाताच्या रेषा मशीनला सापडत नाहीत, आणि चारचौघांत तीन-तीनदा बोट पुसून दाबायला लावलं की माणूस ओशाळतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तो ओटीपी येतो कुणाच्या फोनवर? आधारला नंबर जोडलेला असतो पुण्याच्या मुलाचा. किंवा घरातल्या नातवाचा, किंवा चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. ग्रामीण भारतातल्या निम्म्याहून कमी बायका हो म्हणाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलंय असं सांगणाऱ्या साधारण चारात एक. ही तरण्या बायकांची गोष्ट. सत्तरीच्या बाईला तर कुणी विचारलंच नव्हतं. मग तिचं आरोग्य तिच्या फोनमध्ये आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो फोन तिचा असतो का?

आभामध्ये नियम चांगला आहे. कार्ड काढणं ऐच्छिक आहे, आणि तुमचे कागद दुसऱ्या दवाखान्याला दाखवायचे तर तुमची संमती लागते, दिलेली संमती काढूनही घेता येते. पण संमतीचं बटण दाबतो कोण? ज्याच्या हातात फोन तो. नातू क्रिकेट बघता बघता आजीची संमती देऊन टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आजीला कुणी विचारलेलं नसतं, आणि हे आजीला बरोबर कळलेलं असतं.

आता जे लिहिते आहे ते आपल्या आपल्यातलं आहे म्हणून मोकळेपणाने लिहिते. नात्यातल्या एका काकूंचं अंग बाहेर येत होतं. तीन बाळंतपणं आणि प्रत्येक वेळी सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर वैरणीचा भारा. सात-आठ वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अखेर सुनेला कळलं, आणि सून शिकलेली, म्हणून तिने लगेच घरातूनच व्हिडिओवर लेडी डॉक्टर गाठून दिली. हेतू शंभर टक्के चांगला. पण फोन धरला होता नातवाने, कारण रेंज सोप्यातच येते आणि कॅमेरा त्यालाच जमतो. आवाज स्पीकरवर. सासरे पलीकडच्या खुर्चीवर पेपर वाचत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, काय त्रास होतोय?" काकू म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात." गुडघ्याच्या गोळ्या लिहून आल्या.

घरात ही गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते, "बघा, एवढं करून दिलं तर गुडघे म्हणाली!" मला हसू येत नाही. काकूंना व्हिडिओ कळला नाही असं नाही. सोप्यात कोण कोण आहे, हे त्यांना चांगलंच कळत होतं. पुढे त्या बहिणीला घेऊन मिरजेला गेल्या, दार बंद असलेल्या खोलीत तपासून घेतलं, पेसरी बसवून आल्या. आता बऱ्या आहेत. दवाखान्यात बंद दार असतं आणि मध्ये पडदा असतो. फोनमध्ये तो पडदा घरच्यांनी लावावा लागतो, आणि तो लावायचं काम बहुतेक वेळा आपल्यासारख्या सुनांकडेच येतं. फोन जोडून द्यायचा, स्पीकर बंद करायचा, पोराला बाहेर पिटाळायचं आणि आपणही बाहेर जायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आपल्यालाही ऐकायचं असतं.

तिसरी गोष्ट आपल्या घरच्या रीतीची. स्क्रीनवरचा डॉक्टर चिठ्ठी पाठवतो, त्यात लिहिलेलं असतं १-०-१, रात्री जेवणाआधी. आपल्या घरातली वडीलधारी माणसं सूर्यास्ताआधी जेवतात. थंडीच्या दिवसांत सहाच्या आत. त्यानंतर काहीजणी पाण्याचा घोटही घेत नाहीत. आता फोनमधला आठवणीचा गजर वाजतो रात्री नऊला. काही म्हातारी माणसं ती गोळी सोडूनच देतात, म्हणजे रात्रीचा डोस महिनोन्महिने पोटात जातच नाही. काही भिडेपोटी नऊला घेतात, आणि साखरेची गोळी अशी पुढे जेवण नसताना घेतली तर पहाटे साखर उतरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. घरच्यांना वाटतं वय झालं. आमच्या गावच्या डॉक्टरांना हे सांगावंच लागत नाही. ते चिठ्ठीवर आपणहून लिहितात, "दिवेलागणीच्या आधी." तीस वर्षं आपल्या घरांमधून त्यांचं येणं-जाणं आहे. स्क्रीनवरचे डॉक्टर कुठल्या जिल्ह्यात बसलेले असतात कुणास ठाऊक, त्यांना कसं कळणार? त्यांचा काही दोष नाही. पण म्हातारं माणूस जेव्हा म्हणतं, "त्या डॉक्टरला आपलं काय म्हाईत हाय?", तेव्हा ते अडाणीपणाने बोलत नसतं. अगदी नेमकं बोलत असतं.

कॅप्सूलचंही असंच. वरचं टोपण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासूनचं, हे आपल्या पिढीला वाचून कळलं, त्यांना मुनीमहाराजांच्या प्रवचनातून आधीच कळलेलं आहे. म्हणून बऱ्याच आज्या कॅप्सूल फोडून आतली पूड मधाशिवाय, नुसत्या कोमट पाण्यातून घेतात. सगळ्या कॅप्सूल तशा चालत नाहीत. काहींचं औषध हळूहळू सुटावं म्हणून तसं बांधलेलं असतं, ते फोडलं की एकदम उतरतं, काहींचं पोटातल्या आम्लात वाया जातं. समोर बसलेल्या डॉक्टरला आजी सांगतात, "टोपण नको, गोळी द्या." व्हिडिओवर चार मिनिटांत हे सांगायला सुचत नाही आणि धीरही होत नाही. तेव्हा ऑनलाईन दाखवायचं असेल तर बोलण्याआधी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जेवणाच्या वेळा, कुठला नियम आहे, पर्वातले उपास कधी येतात, कॅप्सूल चालत नाही. आणि आजींना स्वतःच तो वाचून दाखवू द्या. (कांदा-लसणाचं लिहू नका, डॉक्टरांना त्याचं काही नसतं. आमच्याकडे एका काकांनी तेच सांगण्यात सगळा वेळ घालवला.)

आता मुलांच्या प्रेमाविषयी. तो विषय नाजूक आहे.

माझ्या एका मावशीला साखरेचा त्रास. मुलगा बंगळुरात. त्याने दंडावर चिकटवायचं ते सेन्सर पाठवलं, साधारण दोन आठवडे चालतं, दर काही मिनिटांनी साखर मोजून फोनवर पाठवतं. मावशीच्या फोनवरून ते आकडे थेट त्याच्या फोनवर. नेमकं दशलक्षण पर्व आलं आणि मावशीने नेहमीप्रमाणे एकाशन धरलं, त्याला न सांगता. मग काय, दुपारी फोन, "आई, साखर सत्तर कशी?" संध्याकाळी फोन, "आता एकदम दोनशे दहा? काय खाल्लंस?" एका रात्री दोन वाजता फोन, साखर पन्नास दाखवतेय म्हणून. मावशी ठणठणीत होती, त्याच कुशीवर झोपली होती. दंड दाबला गेला की ते यंत्र खोटाच कमी आकडा दाखवतं, हे नंतर कळलं. दहाव्या दिवशी मावशीने सेन्सर उपटून काढलं. मला म्हणाली, "अगं, पोरगं माजं जेवान मोजायलंय. म्या त्याला वाढवलं तवा त्याचं असं मोजलं न्हाई."

सगळे म्हणाले, मावशीला यंत्र झेपलं नाही. माझ्या मते यंत्र तिला चांगलंच झेपलं होतं. तिला न विचारता तिच्या अंगातला आकडा तिच्याआधी दुसऱ्याला कळतो, हे तिला झेपलं नाही, आणि का झेपावं?

पण मावशीची बाजू घेऊन मी इथेच थांबणार नाही, कारण तिचंही एक मला मान्य नाही. साखरेच्या गोळ्या तशाच चालू ठेवून लपवून एकाशन करणं, हे काही तप नव्हे. आपल्या सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आहे, शक्तितस्तप आहे. शक्तीप्रमाणे. आणि आपली शक्ती किती, हे कळायला तो आकडा उपयोगीच पडतो. पर्वाच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांकडे जाऊन "मी एवढे दिवस एक वेळ जेवणार आहे, गोळ्यांचं काय करू?" असं विचारलं तर ते वेळ आणि मात्रा बदलून देतात किंवा स्पष्ट नाही म्हणून सांगतात. यात धर्माला कुठे बाधा येते? त्याच यादीत वैयावृत्त्यही आहे, आणि आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याच्यावर पहारा नव्हे, हे मुलांनाही सांगायला हवं. मावशीने आता अट घातलीय. सेन्सर लावेन, पण आकडा आधी मी बघणार, वाटलं तर तुला पाठवणार. धोक्याचा गजर तेवढा शेजारच्या पुतणसुनेच्या फोनवर जाऊ दे, कारण रात्री दोनला धावत येणारी तीच आहे, तू नव्हे. मुलगा अजून राजी नाही. दोघांचं बोलणं चालू आहे.

आमच्याकडे जे खरंच चाललंय तेही सांगते. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक मुलगी आहे, सगळे तिला ताईच म्हणतात. ती म्हाताऱ्यांना आधी बसवून ठेवते, पाच मिनिटं बोलू देत नाही, पाय जमिनीला टेकवायला लावते, मग दंडाला पट्टा बांधून बीपी बघते. (घरच्या मशीनवरही असंच करा. चालत आल्या आल्या, चहाचा कप हातात घेऊन मोजलेला आकडा धरू नका.) मग ती स्वतःच ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांना जोडून देते, आकडे तीच सांगते, आजी विसरल्या तर तीच आठवण करून देते आणि औषध तिथल्या तिथे हातात ठेवते. पडद्यावरचा डॉक्टर तोच, सोय तीच. पण इथे रांग लागते. ऑनलाईनचं नाव काढलं की हात झटकणारे आमचे आप्पा तिथे दर महिन्याला जातात. विचारलं तर म्हणतात, "ती पोरगी हात धरून नाडी बघती. मग डॉक्टर टीव्हीत असंना का."

मला वाटतं, सरकारने ॲप करण्यावर जेवढा खर्च केला तेवढाच अशा पोरींवर करावा. त्यांची पदं रिकामी ठेवू नयेत, पगार वेळेवर द्यावेत. नुसतं ॲप गावात पोचलं म्हणजे डॉक्टर पोचला असं नाही. आणि घरातल्या ज्यांना शिकायचंय त्यांना जरूर शिकवावं. आमच्या शेजारच्या आजी बहात्तराव्या वर्षी व्हॉट्सॲपवर भजनं पाठवायला शिकल्या, तेव्हा रिपोर्टचा फोटो काढायलाही शिकतील. पण शिकवताना फोन त्यांच्या हातात द्यावा लागतो, आपल्या हातात धरून "हे असं, हे असं" म्हटलं की कुणीच शिकत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या मंदिराच्या सभागृहात वय वंदना कार्डाचं शिबिर ठरलंय. महिला मंडळाने तीन गोष्टी मागितल्यात. आशाताई टेबलाशी बसलेली हवी. ज्यांचा आधारचा नंबर बंद किंवा दुसऱ्याचा आहे त्यांची यादी आठ दिवस आधी करायची, म्हणजे त्यांना आधी आधार केंद्रात नेता येईल. आणि कोपऱ्यात एक आडोसा, जिथे बाईला बाईशी बोलता येईल. पहिल्या दोन गोष्टी कमिटीने मान्य केल्या. आडोशाला लाकडी पार्टिशन लागेल, खर्च निघेल, बघू, असं उत्तर आलंय. आम्ही सांगितलंय की दोन नऊवारी आणि एक दोरी आम्ही घेऊन येतो.